ढेपेतलं ‘अँटिबायोटिक’ आणि न लागलेलं दही

प्रश्न : आमच्याकडे दोन गायी आहेत, दोघींना सरकीची ढेप चालू आहे. गावात सांगतात की बीटी कपाशीत प्रयोगशाळेतलं अँटिबायोटिक असतं आणि ते ढेपेतून दुधात उतरतं. मागच्या आठवड्यात एका गायीच्या दुधाचं दही लागलंच नाही. ढेप बंद करू का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ढेपेला दोष देण्याआधी आठवा, त्या गायीला दगडी (कासेची सूज) झाली होती का? सडात औषधाची ट्यूब सोडली होती का? तसं असेल तर विरजण त्या औषधानं मेलं. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरी वापरू नका आणि डेअरीलाही घालू नका.

गावातली गोष्ट निराधार नाही, पण उलटी झाली आहे. गावात ज्या अँटिबायोटिकबद्दल बोलतात, ते म्हणजे कॅनामायसिन. जपानच्या हामाओ उमेझावांनी 1957 साली ते मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. पुष्कळ प्रकारच्या जिवाणूंवर ते चालतं, क्षयरोगावरही दिलं जायचं. कपाशीत मात्र हे औषध नसतं, त्याला निकामी करणारा जनुक असतो. बीटीचा, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारा जनुक फार थोड्या पेशी स्वीकारतात. त्या हुडकण्यासाठी हा दुसरा जनुक सोबत जोडतात आणि सगळ्या पेशी कॅनामायसिन घातलेल्या माध्यमावर ठेवतात. जनुक घेतलेल्या तगतात, बाकीच्या मरतात.

अकोल्यात शिकवत असताना मी हे मुलींना पानावरच दाखवायचे. बीटीच्या पाकिटासोबत पूर्वी बिगर-बीटीची वेगळी पुडी यायची. दोन्हींची रोपं कुंड्यांत लावायची आणि पानांवर कॅनामायसिनचं पाणी कुंचल्यानं लावायचं. काही दिवसांत बिगर-बीटीच्या पानावर कुंचला फिरला तेवढाच पट्टा पिवळा पडायचा. बीटीचं पान हिरवंच. पानातल्या हरितकणांची प्रथिनं बनवायची यंत्रणा जिवाणूंसारखीच असते, म्हणून हे औषध त्यांनाही बाधतं. तो पिवळा पट्टा बघून मुली पुस्तक बाजूला ठेवायच्या.

शेतात कॅनामायसिन कोणी फवारत नाही. त्या जनुकाचं प्रथिन औषधाला फॉस्फेट चिकटवून त्याचा जोर घालवतं, जिवाणू मारत नाही. पोटातल्या पाचक रसात ते लवकर पचतं. तेव्हा विरजणाशी त्याचा संबंध नाही.

ढेप चालू ठेवा, फक्त पावसाळ्यात पोतं ओलीपासून वर, फळीवर ठेवा. बुरशी धरलेली ढेप मात्र कुठल्याच गायीपुढे टाकू नका, तिचं विष खरोखर दुधात उतरतं.