परदेशात भाड्याची गाडी : विमा नेमका कशाचा?

प्रश्न : येत्या सप्टेंबरात आम्ही पती-पत्नी आणि मुलगी आइसलँडला जाणार असून, स्वतः गाडी चालवत बेटाला वळसा घालण्याचा बेत आहे. गाडी एका बुकिंग साइटवरून ठरवली आणि तिथेच ‘फुल प्रोटेक्शन’चे पैसेही भरले. तरीही तिकडे जाऊन आलेले एक स्नेही म्हणतात, की विमानतळावरच्या काउंटरवर पुन्हा विमा गळ्यात मारतात. एकदा विमा उतरवल्यावर पुन्हा कशासाठी? आमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हे येत नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्नेह्यांचा अनुभव खरा आहे, मात्र दर वेळी त्यात काउंटरवाल्याची लबाडी असतेच असे नाही. आइसलँडमध्ये भाड्याच्या गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्यानेच असतो. प्रश्न उरतो तो आपण चालवत असलेल्या गाडीचा. तिच्यासाठी भाड्यात बहुधा ‘सीडीडब्ल्यू’ धरलेला असतो, म्हणजे गाडीचे नुकसान झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपला आणि त्यापुढचा कंपनी सोडून देते. ही ठरावीक रक्कम, जिला ‘एक्सेस’ म्हणतात, लाख-दोन लाख रुपयांच्या घरात सहज जाते, आणि साधारण तेवढीच रक्कम चावी हातात पडण्याआधी आपल्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाते.

आपण बुकिंग साइटवर घेतलेले संरक्षण या एक्सेसपुरते असते आणि ते देणारी विमा कंपनी वेगळी असते. गाडी देणाऱ्या कंपनीचा तिच्याशी संबंध नसल्याने नुकसान झाले तर पैसे आधी आपल्या कार्डावरून वळते होतात; नंतर करारपत्र, नुकसानीचा अहवाल, दुरुस्तीचे बिल आणि कार्डाचे स्टेटमेंट जोडून आपण भरपाई मागायची. काउंटरवर तेच संरक्षण महाग पडते, पण एक्सेस तिथल्या तिथे कमी होतो आणि कार्डावर अडकणारी रक्कमही घटते. कार्डाची मर्यादा भरपूर असेल आणि कागदपत्रांचा पाठपुरावा करण्याची तयारी असेल, तर घेतलेले आहे तेच ठेवावे. एकाच जोखमीसाठी दोनदा पैसे भरण्यात अर्थ नाही.

तथापि ‘फुल’ या शब्दावर विसंबू नये. आपल्याकडे ‘झिरो डेप’ म्हणजे भरपाईतून घसारा न कापणारी मोटार पॉलिसी घेतली की माणूस निर्धास्त होतो, आणि आइसलँडमध्ये नेमका तोच निर्धास्तपणा महागात पडतो, कारण तिथे गाड्यांचे नुकसान बरेचदा धडकेने न होता वारा, वाळू, खडी आणि पाणी यांनी होते आणि मूळ सीडीडब्ल्यू यांतले बरेचसे बाहेर ठेवतो. दक्षिण किनाऱ्यावर वीक गावाच्या आसपास काळ्या वाळूची विस्तीर्ण मैदाने आहेत. वादळात ती वाळू गाडीच्या एका बाजूचा रंग खरवडून काढते आणि काचा धुरकट करून टाकते. यासाठी वाळू व राखेचे वेगळे संरक्षण मिळते. मुख्य रिंग रोड आता डांबरी असला तरी त्याचे अनेक फाटे खडीचे आहेत. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा काच किंवा हेडलाइट फोडतो, त्यासाठी ‘ग्रॅव्हल प्रोटेक्शन’ असते. आपल्या पॉलिसीत टायर, काच आणि गाडीचा तळ यांचा उल्लेख आहे का, हेही पाहावे, कारण खडकाळ वाटेवर इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला तर तो खर्च बहुतेक ठिकाणी आपल्याच माथी येतो.

वाऱ्याने उलटे फिरलेले दार हा तिथला नेहमीचा अपघात. दार उघडताच झोत त्याला पुढे हिसकतो, बिजागऱ्या वाकतात, पुढच्या पत्र्याला पोचा पडतो, आणि बहुसंख्य कंपन्या ही चालकाची हयगय धरतात. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, एका वेळी एकच दार उघडावे आणि ते दोन्ही हातांनी धरून ठेवावे. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले, तर मात्र सहसा कोणतेच संरक्षण कामाला येत नाही. ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फोर व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी नेण्यास मुळात बंदीच आहे.

ट्रॅव्हल इन्शुरन्सविषयी थोडक्यात : भारतीय पॉलिसींतील वैयक्तिक दायित्वाच्या कलमातून मोटार वाहन बहुधा वगळलेले असते. काही योजनांत भाड्याच्या गाडीच्या एक्सेसची भरपाई मर्यादित रकमेपर्यंत मिळते. आपल्या योजनेत ती आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

मुलगी थोडा वेळ जरी गाडी चालवणार असेल, तरी तिचे नाव करारपत्रात अतिरिक्त चालक म्हणून नोंदवावे. नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झाले, तर सगळे संरक्षण गळून पडते. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे असावे आणि त्यावरील परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवावेत. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेतल्यास तो मूळ परवान्यासोबत बाळगावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, रिम, काचा आणि छत यांचा व्हिडिओ काढावा आणि दिसलेला प्रत्येक ओरखडा करारपत्रावर नोंदवून घ्यावा. परत देतानाही असाच व्हिडिओ हवा, विशेषतः मध्यरात्री चावी पेटीत टाकून निघणार असाल तर.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात मुलाकडे जाणार आहोत. भाड्याची गाडी मी एकटा घेणार आहे. मुलगा म्हणतो, त्याच्या क्रेडिट कार्डावर गाडीचा विमा फुकट आहे. तो पुरेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. अशी सवलत साधारणपणे कार्डधारक स्वतः मुख्य भाडेकरू असेल, पूर्ण भाडे त्याच कार्डाने भरले असेल आणि कंपनीचा सीडीडब्ल्यू नाकारला असेल, तरच लागू होते. मुलाच्या नावाने करार करून आपले नाव अतिरिक्त चालक म्हणून घातले तर मार्ग निघू शकतो, पण त्यातून भरून निघते ते भाड्याच्या गाडीचेच नुकसान. समोरच्याला झालेल्या इजेची जबाबदारी त्यात येत नाही, आणि अमेरिकेत खरी धास्ती तिचीच आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायद्याने बंधनकारक किमान विमा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर आणि एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी मिळून ६०,००० डॉलर इतका आहे. तिथल्या रुग्णालयांची बिले पाहता ही रक्कम तोकडी आहे. आपल्या नावावर तिथे स्वतःची मोटार पॉलिसी नसल्याने, काउंटरवर मिळणारा वाढीव दायित्व विमा, ज्याला ‘एसएलआय’ म्हणतात, जरूर घ्यावा. सीडीडब्ल्यूबाबत काटकसर करायची असेल तर विचार करता येईल, एसएलआयबाबत करू नये.