लॉन काढून कमी पाण्याची बाग करायची आहे. खाली प्लास्टिक अंथरून वर खडी टाकली तर चालेल का? आणि झाडं कोणती लावावीत?

लॉन काढताय ते उत्तम, पण प्लास्टिक अजिबात नको. एवढ्या तावातावाने लिहितेय त्याला कारण आमचे थोरले दीर.

नव्या घराभोवती बिल्डरने लॉन अंथरून दिलं होतं. पाणी कितीही द्या, कडा पिवळ्याच. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 100 चौरस मीटरला आठवड्याला 25 मिलिमीटर धरलं तरी 2500 लिटर झाले, तेही नुसत्या शोभेसाठी! कुदळ मारली तर चार बोटं मातीखाली सगळा राडारोडा : प्लास्टरची ढेकळं, फरशीचे तुकडे, सिमेंटची अख्खी गोणी. मुळं जाणार कुठे?

दीर म्हणाले, "प्लास्टिक टाका, वर पांढरी खडी. कटकट संपली."

"भाऊजी, ती कटकट पुढच्या पावसात उगवेल," मी म्हटलं. शेवटी पुढचं अंगण त्यांचं, मागचं माझं अशी वाटणी झाली.

मी राडारोडा उपसला, पहारीने जमीन मोकळी केली, कंपोस्ट मिसळलं. सारखी तहान असलेली झाडं एकत्र लावून ठिबक टाकलं आणि वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन केलं, खोडाला न भिडवता. आता बोट खुपसलं तरी खाली ओल लागते. आणि दिरांच्या पुढच्या अंगणात काय झालं? खडीत धूळ बसली, पानं कुजली, त्यात तण रुजलं. उपटायला गेलं की प्लास्टिक चिंध्या होऊन हातात येतं. पाऊस मुरत नाही आणि उन्हात खडी अशी तापते की तिथे उभं राहवत नाही. तरी दीर पाहुण्यांना सांगताना "मागे हिने जंगल केलंय"!

झाडांचं म्हणाल तर ऊन आणि माती बघून तुमच्या भागात आपोआप तगणारी घ्या. लॉनमध्ये हरळी असेल तर तिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पसरणारी खोडं, वेचून काढा, नुसता पुठ्ठा झाकून ती मरत नाही. आणि हो, कमी पाण्याच्या झाडांनाही मूळ धरेपर्यंत, निदान पहिलं वर्षभर, पाणी द्यावंच लागतं. मुलं खेळणार असतील तर तेवढा तुकडा लॉन ठेवा. खडीशीही माझं वैर नाही, पायवाटेवर खुशाल टाका.

घरात कुणी "एकदाच काय ते काम" म्हणालं, तर तण कोण उपटणार हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे ते अजून ठरायचंय.