स्मारकाला तिकीट नव्हतं, म्हणून नुकसानही झालं नाही?

प्रश्न (थोडक्यात): मी कोल्हापूरची निवृत्त शिक्षिका. मोठी बहीण आणि मी मे महिन्यात एका टूर कंपनीबरोबर नऊ दिवस पोलंडला गेलो. दोघींचे मिळून ४,७०,००० रुपये भरले. आमचे वडील तरुणपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत दूध घालायचे. वॉर्सामधलं कोल्हापूरचं स्मारक छापील कार्यक्रमात होतं, म्हणूनच ही टूर निवडली, आणि बुकिंगच्या वेळी कंपनीला तसं ईमेलनं कळवलंही होतं. प्रत्यक्षात त्या दुपारी गाडी मॉलला नेली आणि स्मारक 'वेळेअभावी' राहिलं. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीची भेट रद्द झाली, कारण प्रवाशांच्या नावांची नोंदणीच केलेली नव्हती. व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत बहिणीला गुडघ्यांमुळे उतरता आलं नाही. ती दोन-अडीच तास वरच बसून राहिली. आता कंपनी म्हणते, स्मारकाला तिकीट नाही, ऑशविट्झला प्रवेश मोफत, तेव्हा परत करण्यासारखं काही नाही. ३,००० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं आहे आणि 'पूर्ण व अंतिम' अशा कागदावर सही मागितली आहे. पूर्ण पैसे परत मिळतील का? तक्रार कुठे करायची?

उत्तर: ताई, आधी त्या कागदाचं बघू. त्यावर सही करू नका. एकदा सही झाली की पुढचा प्रत्येक मुद्दा मांडण्याआधी 'मला त्या कागदाचा अर्थ समजला नव्हता' हे सिद्ध करावं लागेल, आणि निवृत्त शिक्षिकेच्या तोंडी ते कुणाला पटणार नाही. शेवटच्या दिवशी बसमध्ये भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर 'समाधानी' अशी खूण केली असेल, तर त्याची मात्र फार चिंता नको. हक्क सोडल्याचा तो करार नव्हे.

आता कंपनीच्या मुख्य युक्तिवादाकडे येतो. तो वरवर बिनतोड वाटतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. स्मारकाला तिकीट नाही हे खरं. ऑशविट्झच्या संग्रहालयातही प्रवेश मोफत आहे, मार्गदर्शकाचे तेवढे पैसे पडतात. पण तुम्ही कंपनीकडून तिकिटं विकत घेतली नव्हती. अमुक दिवशी अमुक ठिकाणी आम्ही तुम्हाला नेऊ, या वचनाचे ते पैसे होते. ते वचन छापील कार्यक्रमात आहे. करारानं पत्करलेलं काम करण्याच्या रीतीत राहिलेली उणीव म्हणजे सेवेतली त्रुटी, असं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २(११) सांगतं. त्या व्याख्येत तिकिटाच्या किमतीचा उल्लेखसुद्धा नाही.

तुमच्या हातातलं सर्वांत मोलाचं कागदपत्र म्हणजे बुकिंगच्या वेळचा तो ईमेल. भारतीय करार कायद्याचं कलम ७३ सांगतं की, करार मोडल्यास अमुक नुकसान होऊ शकतं हे दोन्ही पक्षांना करार करतानाच माहीत असेल, तर त्या नुकसानीची भरपाई मागता येते. एरवी एखादं स्मारक हुकलं, तर कंपनी म्हणू शकते की ते इतकं महत्त्वाचं आहे हे आम्हाला काय ठाऊक? इथे तुम्ही लेखी सांगितलं होतं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि त्यांच्या कृतज्ञतेची खूण आज वॉर्सात उभी आहे, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. पण ग्राहक आयोगापुढच्या तक्रारीत हा सगळा संदर्भ चार ओळींत जरूर लिहा, वडिलांच्या दुधाच्या कॅनांसकट. त्या छावणीच्या जागी आज गांधीनगर आहे आणि तिथे कधीकाळी पोलिश मुलांची शाळा भरत होती, हे आपल्याकडच्या तरुण वकिलांनाही अनेकदा माहीत नसतं.

'वेळेअभावी' या सबबीलाही आधार नाही. हे स्मारक दुसऱ्या महायुद्धातल्या माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ आहे, वॉर्साच्या जुन्या शहरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. गाडी जुन्या शहरात गेली होती आणि नंतर मॉललाही गेली. म्हणजे वेळ होता, तो दुसरीकडे खर्च केला. त्या दिवशीचे फोटो काढले असतील तर त्यांवरच्या वेळा बघा. मॉलमधल्या खरेदीची पावती असेल तर तीही जपून ठेवा. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते, आणि त्या दुपारी गाडी कुठे होती याचा पुरावा खुद्द दुकानाकडूनच मिळतो.

ऑशविट्झची बाजू आणखी भक्कम आहे. तिथे गटानं संग्रहालयाच्या मार्गदर्शकाबरोबरच जायचं असतं, जागा आधी राखून ठेवाव्या लागतात आणि प्रवेशिका नावानिशी मिळतात. पोलंडच्या सहली विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. तुमच्या व्यवस्थापकानं व्हॉट्सअॅप गटावर 'नावं वेळेत गेली नाहीत' असं लिहिलं आहे, असं तुम्ही पत्रात म्हणता. ती कंपनीच्याच माणसाची कबुली आहे. 'कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव' हे छापील वाक्य अशा वेळी उपयोगी पडत नाही. बर्फ पडला, संप झाला, संग्रहालयच बंद राहिलं, तर ते वाक्य कंपनीला वाचवेल. स्वतःचा निष्काळजीपणा झाकायला ते नसतं. तक्रारीत मात्र ही अट 'रद्दबातल ठरवावी' अशी मागणी करू नका. अन्याय्य करार ठरवण्याचा अधिकार कायद्यानं राज्य आयोगाकडे दिला आहे, आणि तेवढ्या एका ओळीवरून कंपनी अधिकारक्षेत्राचा वाद उकरून काढेल. 'ही अट या प्रसंगाला लागू होत नाही' एवढंच म्हणा.

खाणीबद्दल मात्र तुम्हाला आवडणार नाही असं सांगावं लागेल. नेहमीच्या मार्गानं व्येलिच्कात जाताना सुरुवातीलाच ३८० लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा कुठे ६४ मीटर खालची पहिली पातळी येते. लिफ्ट मिळते ती वर येताना. ज्येष्ठ प्रवाशांना हे आधी सांगणं कंपनीचं कर्तव्य होतं. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीदेखील कलम २(११) प्रमाणे त्रुटीच आहे. पण तुमच्या बहिणीनं फॉर्ममध्ये आजाराच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं आहे. कंपनी तेच पुढे करेल आणि आयोग ते ऐकून घेईल. हा मुद्दा तक्रारीत ठेवा, पण शेवटी, आणि त्यासाठी मोठी रक्कम मागू नका. कमकुवत मुद्द्यावर जोर दिला की भक्कम मुद्द्यांकडेही संशयानं पाहिलं जातं, असा माझा अनुभव आहे.

म्हणूनच पूर्ण पैसे मागू नका. विमान, हॉटेल, जेवण, क्राकोवचा वावेल किल्ला, ग्दान्स्क, हे सगळं तुम्हाला मिळालं. नऊ दिवसांच्या हिशेबानं दोघींचा एक दिवस साधारण ५२,००० रुपयांचा होतो. ऑशविट्झच्या दिवसापोटी तेवढे मागा. स्मारकाचा असा भागाकार होणार नाही. त्यासाठी मानसिक त्रासाची भरपाई म्हणून एक लाख मागा आणि वर तक्रारीच्या खर्चाचे वीस हजार. इतकं सगळं पदरात पडेल असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक आकड्यामागचं कारण तुम्हाला सांगता येईल. टूरवर कापलेला टीसीएस, म्हणजे कंपनीनं तुमच्याकडून आगाऊ वसूल केलेला आयकर, या हिशेबात धरू नका. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत (२६एएस) दिसतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पैसे भरल्याचा एक पुरावा म्हणून ते पान मात्र जोडा.

तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. पावतीमागे 'फक्त मुंबईच्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र' असं छापलं असलं तरी त्यानं हा हक्क जात नाही. पोलंडमध्ये कुणाच्या मागे लागायची गरज नाही. तिथला गाइड, तिथली बसवाली संस्था यांच्याशी तुमचा करार नव्हता. करार इथे, इथल्या कंपनीशी, रुपयांत झाला आणि त्या लोकांच्या चुकीची जबाबदारी कंपनीची आहे. ज्या स्थानिक एजंटनं तुमचा चेक घेतला, त्यालाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तुमचे ४,७०,००० त्यात बसतात. बसमधल्या इतरांनाही बरोबर घ्यायचं असेल तर घ्या. काही ग्राहकांनी मिळून एकच तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. रकमा मिळून पाच लाखांच्या वर गेल्या तर थोडी फी पडेल, दहा लाखांपर्यंत फक्त दोनशे रुपये. पण तुमचा ईमेल इतरांकडे नाही. त्यामुळे स्मारकाचा मुद्दा एकत्र तक्रारीत पातळ होण्याचा धोका आहे. मी तुमच्या जागी असतो तर वेगळी तक्रार केली असती आणि त्यांच्यापैकी दोघांची शपथपत्रं जोडली असती.

मुदत दोन वर्षांची आहे, पण तितकं थांबू नका. व्यवस्थापक नोकरी सोडतात, गट पुसले जातात. व्हॉट्सअॅपचा तो गट सोडू नका. संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका, आणि छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी हरकतीला जागा कशाला ठेवायची?

आधी कंपनीला आणि एजंटला पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टनं, पोच मिळेल अशी पाठवा. वकिलामार्फतच हवी असं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, कधी कधी तेवढ्यानं कंपनी बोलायला येते. नाही आली तर तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि तुम्ही स्वतः ती चालवू शकता. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा. आयोगानं मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका, मात्र तडजोड रोख रकमेची हवी, पुढच्या टूरवरच्या सवलतीची नको.

आणि ते व्हाउचर नोटिशीसोबतच परत पाठवा. ते स्वीकारलेलं नाही असं नोटिशीत लिहा आणि परत पाठवल्याची पावती फाइलमध्ये लावा.