मोतीच्या रिपोर्टवरचे सहा गोल

काकांनी पिशवीतून रिपोर्ट काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने दोनदा सपाट केला. वर छापलं होतं, ‘श्री. मोती, वय 7 वर्षे, पुरुष’. खाली लाल पेनाने केलेले सहा गोल. प्लेटलेटभोवतीचा गोल तर इतक्या वेळा गिरवलेला, की तिथे कागद फाटायला आला होता.

“मॅडम, एवढंच सांगा. वाचेल ना तो?”

मोती म्हणजे त्यांचा गावठी कुत्रा, 18 किलोचा. तीन दिवस ताप, भाकरीला तोंड लावेना, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. डॉक्टरांनी गोचीडताप धरून औषध सुरू केलं होतं. काका एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, राहायला साताऱ्याजवळ. (दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मी माणसांची समुपदेशक. दहा वर्षांपूर्वी कुणी कुत्र्याचा रिपोर्ट घेऊन आलं असतं, तर मी जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवून मोकळी झाले असते. आता अधूनमधून कुणी ना कुणी येतंच, आणि सगळ्यांची काळजी एकच: रिपोर्टमध्ये एवढं सगळं ठळक छापलंय, म्हणजे संपलं का?

“चार रात्री झोप नाही यांना,” काकू म्हणाल्या. “दोन वाजता उठून मोबाइलवर आकडे शोधत बसतात. डॉक्टरांनी आठवड्याने रक्त बघू म्हटलं, तर हे दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये घेऊन गेले.”

त्या दुसऱ्या रिपोर्टात प्लेटलेट 49,000. आदल्या दिवशी 58,000. औषध चालू असून आकडा उतरला म्हणून काकांनी रात्री दहाला डॉक्टरांना फोन लावला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढायचा हट्ट धरला. मोतीच्या पुढच्या पायावरची शीर तोवर काळीनिळी झाली होती.

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “काल मोतीने पाणी किती प्यायलं?”

काका गप्प. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

“वाटीभर प्यायला संध्याकाळी,” काकू म्हणाल्या. “आज सकाळी उठून दारापर्यंत आला होता. तुम्ही तेव्हा मोबाइल बघत होतात.”

मग खरी गोष्ट निघाली. 2019 साली काकूंना डेंगी झाला होता. प्लेटलेट 22,000 पर्यंत उतरल्या. आठ दिवस रोज पहाटे सहाला सिस्टर येऊन आकडा सांगायच्या आणि काका तो एका जुन्या डायरीत लिहायचे. कुणी पपईच्या पानांचा रस आणायचं, कुणी बकरीचं दूध. काकू बऱ्या झाल्या, घरी आल्या, पण काकांच्या डोक्यात ‘प्लेटलेट’ हा शब्द तेव्हा जो रुतला तो तिथेच राहिला. आपल्याकडे हे फार घरांत झालंय. डेंगीने तो शब्द दवाखान्यातून काढून थेट ओट्यापर्यंत आणलाय. ती डायरी काकांनी बरोबर आणली होती. एका पानावर काकूंचे आकडे, समोरच्या पानावर मोतीचे दोन.

“मी बरी झाले तरी यांना आकडाच आठवतो,” काकू म्हणाल्या. “मी तेव्हा काय बोलत होते, ते विचारा. आठवायचं नाही.”

मी सहसा कुणाबरोबर डॉक्टरांकडे जात नाही. या वेळी गेले, कारण काकांना धीर द्यायचा तर आधी त्या कागदाचं करायला हवं होतं. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणणं मला कधीच जमलं नाही. ज्या गोष्टीची काळजी आहे ती नीट कळल्याशिवाय माणूस कशी सोडणार?

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिल्यांदा हसले ते ‘श्री. मोती’ला. मग म्हणाले, “ही माणसांची लॅब आहे. रक्त मोतीचं, पण उजवीकडे छापलेली ‘नॉर्मल’ची पट्टी माणसाची.” तालुक्याच्या गावात हे नेहमीचं आहे. जनावरांच्या रक्तासाठी वेगळी लॅब जवळ नसते, मग नमुना माणसांच्या लॅबमध्ये जातो. यंत्र मोजतं, संगणक माणसाची पट्टी लावतो आणि पट्टीबाहेरचं सगळं ठळक छापून टाकतो.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक गोल तपासला. पांढऱ्या पेशी 13,200. माणसाला 11,000 च्या वर म्हणजे जास्त. कुत्र्यात साधारण 6,000 ते 17,000 चालतात. गोल खोडला. लाल पेशींचा आकार, एमसीव्ही, 67. माणसात 80 च्या खाली म्हणजे पेशी लहान. कुत्र्याच्या लाल पेशी मुळातच लहान, 60 ते 77. हाही खोडला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, 1.3, लॅबची वरची मर्यादा 1.2. “कुत्र्याला एवढ्यावर मूत्रपिंडाचा आजार म्हणत नाहीत. शंका आली तर लघवीची घनता बघतो आपण, एकट्या क्रिएटिनिनवर काही ठरत नाही.” तिसरा खोडला.

काकांचा चेहरा सैल व्हायला लागला तेवढ्यात डॉक्टरांनी एक नवा गोल काढला. लाल पेशींची संख्या 5.1 दशलक्ष. लॅबने ती साधी छापली होती, कारण माणसाला तेवढ्या पुरतात. कुत्र्याला किमान 5.5 लागतात. म्हणजे ज्या आकड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, तो थोडा कमी होता. चौथा आणि पाचवा गोल, हिमोग्लोबिन 11.4 आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, 34, तेच सांगत होते, कुत्र्याला 12 आणि 37 च्या वर हवेत. ते दोन तसेच राहिले. रक्त किंचित उतरलेलं होतं, घाबरण्याइतकं नाही.

मला हे फार पटलं. ठळक छापलेलं ते सगळं वाईट नाही आणि साधं छापलेलं ते सगळं ठीकही नाही. शिवाय ‘नॉर्मल’ची पट्टीच अशी बेतलेली असते, की शंभर निरोगी कुत्र्यांतले पाच तिच्याबाहेर पडणारच. एका वेळी वीस गोष्टी तपासल्या, तर धडधाकट कुत्र्याच्या रिपोर्टातही एखादा आकडा ठळक येण्याचीच शक्यता जास्त.

राहिला सहावा गोल. प्लेटलेट. कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख हव्यात, त्यामुळे 58,000 कमीच. डॉक्टरांनी तो खोडला नाही. त्यांनी काचपट्टी काढली, मोतीच्या रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली, आणि काकांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

“गुलाबी गोल दिसतायत त्या लाल पेशी. मधेमधे जांभळे बारीक कण दिसतात? मोजा.”

काका एक डोळा मिटून वाकले. इंजिनात वाकावं तसेच. “सहा… नाही, पाच.” पट्टी सरकवली. “सात.” अशा दहा जागा मोजल्या, सरासरी सहा आली. एका जागी दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे साधारण 15,000 धरतात, म्हणजे 90,000 च्या आसपास. मग डॉक्टरांनी पट्टीची कडा दाखवली. तिथे जांभळ्या कणांचे पुंजके चिकटून बसले होते. रक्त काढताना कुत्रा हलला, शीर पटकन मिळाली नाही, की प्लेटलेट एकमेकींना धरतात. यंत्र पुंजक्याला प्लेटलेट मानत नाही, सोडून देतं. म्हणजे खरा आकडा मशीनपेक्षा वरच होता. दुसऱ्या दिवशीचे 49,000 वेगळ्या लॅबचे, वेगळ्या मशीनचे, दुखऱ्या शिरेतून जबरदस्तीने काढलेल्या रक्ताचे. ते उतरले असं म्हणायला काही आधारच नव्हता.

काका सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. “खंबाटकीचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर जातोच. नवा ड्रायव्हर लगेच गाडी थांबवतो. आम्ही आधी काटा खरा दाखवतोय का बघायचो, मग पाणी, मग बेल्ट. आणि गाडी कुठली, तेपण.”

मी काहीच बोलले नाही. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि रात्री दोनला पुन्हा मोबाइल उघडला असता.

पण दुसरंही एक ओझं होतं, ते बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना निघालं. श्रावणात मोतीच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडी दिसल्या होत्या. काकांनी बोटांनी उपटून काढल्या आणि झालं म्हणाले. औषध घालायचं राहून गेलं. “माझ्यामुळेच,” ते म्हणाले. मी ‘नाही हो’ म्हटलं नाही. गोचीड चावल्यापासून साधारण 8 ते 20 दिवसांत ताप चढतो, काकांनी दिवस मोजले होते आणि हिशोब जुळत होता. पण गोचीड कुत्र्याच्या अंगावर थोडा वेळ असते, बाकीचा वेळ भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, पोत्याखाली. अंगावरच्या काढल्या तरी घरातल्या राहतात. हे कळल्यावर अपराधीपणाला करायला एक काम मिळालं. दुसऱ्या दिवशी काकांनी पडवीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या.

रक्त रोज काढायचं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या 28 दिवस, पोटात अन्न असतानाच, वरून पाणी. पुढचं रक्त आठवड्याने, त्याच लॅबमध्ये. मग काकांच्या डायरीचं काय करायचं? डायरी काढून घेतली असती तर हात मोकळे राहिले असते, आणि मोकळे हात मोबाइलकडे जातात. म्हणून आम्ही त्या पानावर नवे रकाने आखले: खाल्लं किती, पाणी, लघवीचा रंग, हिरड्या, आणि शेपूट. हिरडीवर बोट दाबून सोडायचं, पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काकांनी आधी स्वतःच्या हिरडीवर करून पाहिलं, मग काकूंना आ करायला लावलं.

रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, कधी रात्रीअपरात्री यायचं ते. नाकातून रक्त, काळी चिकट शी, चहासारखी लघवी, हिरड्या पांढऱ्याफटक, चालताना झोकांड्या. आणि घरातली तापाची माणसांची गोळी कुत्र्याला अजिबात नाही. यातलं काही दिसलं तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची तयारी ठेवायची, असंही. काकांनी तो कागद उलटा करून फ्रिजवर लावला. सहा गोल आत गेले, मागची बाजू समोर आली.

‘वाचेल ना’ला मी उत्तर दिलं नव्हतं, ते त्या आठवड्यात दिलं. गोचीडतापाचे बहुतेक कुत्रे लवकर औषध मिळालं तर उभे राहतात. आजार जुना होऊन हाडांच्या मगजापर्यंत गेला, तर काही राहत नाहीत. मोती कुठल्या बाजूचा, ते औषधाला तो कसा साथ देतो त्यावरून कळेल, 58,000 वरून नाही. काकांनी ऐकून घेतलं. खोटा धीर दिला नाही म्हणून राग आला नाही त्यांना, उलट जरा हायसं वाटलं असावं.

चौथ्या दिवसाच्या रकान्यात ‘अर्धी भाकरी, दुधात’ असं आलं. आठवड्याने प्लेटलेट 1,64,000. 28 दिवसांनी 2,40,000.

तेव्हा अजून एक घोटाळा झाला. शेवटच्या तपासणीत कुणीतरी गोचीडतापाची पट्टीची चाचणीही केली आणि ती पॉझिटिव्ह आली. काका थेट डॉक्टरांकडे गेले. ही पट्टी जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला अंगात तयार झालेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती बरं झाल्यावरही काही महिने, कधी वर्षभराहून जास्त रक्तात राहतात. काकांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा आवाज शांत होता. त्या रात्री ते झोपले होते, हे मला काकूंकडून कळलं.

काकूंची तक्रार आता वेगळी आहे. मोतीचं पान संपल्यावर काकांनी डायरीत पुढचा रकाना आखलाय. रोज सकाळी उपाशीपोटी काकूंची साखर. “माझं कुणी विचारतंय का, मला टोचून घ्यायचंय का?” त्या म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी दोघंही यायचेत.