डिस्नेलँडमधले ख्रिसमसचे खास पदार्थ सोशल मीडिया बघून कसे ठरवावेत?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात आई-बाबांना कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला न्यायचंय, इन्स्टाग्रामवर तिथल्या ख्रिसमसच्या खाऊचे व्हिडिओ संपता संपत नाहीत, त्यातलं निवडायचं काय आणि शाकाहारी बाबांचं कसं करायचं. डिस्नेलँड ज्या अनाहाइम शहरात आहे, तिथून मी अर्ध्या तासावर राहते. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेते, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात व्हिडिओंपासून करू नका. डिस्नेचा स्वतःचा 'डिस्ने पार्क्स ब्लॉग' आहे. दर मोसमाआधी त्यावर 'फूडी गाइड' येतो. पदार्थ, तो कुठे मिळेल, कोणत्या तारखांना मिळेल, हे सगळं त्यात असतं. यादी लांबलचक असते, पण एका संध्याकाळी बसून वाचा आणि जागेनुसार वेगळी करा. अनाहाइमला दोन पार्क आहेत, डिस्नेलँड आणि कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. दारं समोरासमोर असली तरी एका पार्कच्या तिकिटावर दुसऱ्यात जाता येत नाही. डाउनटाउन डिस्ने (पार्कांबाहेरचा दुकानांचा आणि खाण्याचा भाग) आणि हॉटेलांमधलं खाणं मात्र तिकिटाशिवायही मिळतं, ते आदल्या संध्याकाळसाठी ठेवा.

सोशल मीडियाचा खरा उपयोग त्यानंतर. यादीतून आवडलेल्या पदार्थाचं नाव शोधा आणि फक्त गेल्या आठ-दहा दिवसांतल्या पोस्ट बघा. सर्वांत जास्त लाइक असलेली पोस्ट वर येते, आणि ती बऱ्याचदा जुनी असते. उदाहरणार्थ मिकीच्या आकाराचे बेन्ये, म्हणजे तळलेले फुगीर गोड पाव. फोटोत ते दर वेळी सारखेच दिसतात, पण मोसमाप्रमाणे चव बदलते. एकदा आईला फोनवर दाखवलेला एक पदार्थ आम्ही दुपारभर शोधत फिरलो. शेवटी कळलं, व्हिडिओ आदल्या वर्षीचा होता. आईचे पाय दुखत होते आणि ती एका शब्दाने बोलली नाही, ते मला फार लागलं. तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय मी काहीच ठरवत नाही.

अधिकृत फोटोपेक्षा कुणाच्या तरी हातातला फोटो बघा, म्हणजे पदार्थ केवढा आहे ते समजतं. कमेंटमध्ये 'फार गोड' हे चार-पाच जणांनी लिहिलं असेल तर आपल्या आई-बाबांना तो नक्कीच जास्त गोड लागणार. शिवाय पोस्ट पैसे किंवा फुकट पाहुणचार घेऊन केली आहे का, तेही बघा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांप्रमाणे तसं सांगावं लागतं.

एका गोष्टीसाठी मात्र रोजच्या ताज्या पोस्ट बघायलाच हव्यात, ती म्हणजे हाताने केलेली कँडी केन, वाकड्या मुठीच्या काठीसारखी साखरेची कांडी. 1968 पासूनची ही प्रथा आहे. डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवर 'कँडी पॅलेस' आणि समोरच्या पार्कात 'ट्रॉली ट्रीट्स', या दोन दुकानांत ठरावीक दिवशीच ती होते. रेवडीसाठी गुळाचा पाक खुंटीवर ताणतात ना, तसाच साखरेचा पाक ताणत पांढरा करतात, त्यावर लाल पट्टे ठेवून लांब वळतात आणि गरम असतानाच हाताने वाकवतात. नग थोडे, मागणी फार. त्या दिवशी कुठल्या दुकानात आहे, रांग कशी लागली आहे, हे नेहमी येणारे लोक सकाळीच लिहितात. मिळाली नाही तरी कँडी पॅलेसच्या काचेतून ती होताना आई-बाबांना दाखवाच.

आता बाबांचं. मेनूवर पानाचं चिन्ह असेल तर त्यात मांस, दूध, अंडं, मध काहीच नसतं. दूध चालत असेल तर पर्याय आणखी वाढतात, पण ते कमेंटवर विसंबून ठरवू नका. मांसाचे तुकडे नसले की लोक 'व्हेजिटेरियन' लिहून मोकळे होतात आणि सूप चिकनच्या पाण्यातलं असू शकतं. मार्शमेलो या स्पंजासारख्या मऊ मिठाईत साधारणपणे जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, आणि ख्रिसमसच्या गोड पदार्थांवर मार्शमेलो फार. काउंटरवर थेट विचारा.

कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये त्या काळात 'फेस्टिव्हल ऑफ हॉलिडेज' असतो. ख्रिसमसबरोबर ज्यूंचा हनुका, आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा क्वान्झा आणि आपली दिवाळीसुद्धा. खाण्याचे स्टॉल, छोट्या छोट्या डिश, तिघांत वाटून खायला उत्तम. त्यासाठी 'सिप अँड सेव्हर' पास मिळतो, म्हणजे आधीच पैसे भरून ठरावीक इतके पदार्थ घ्यायचे, पण बाबा खाऊ शकतील असे पदार्थ आधी मोजा, मगच घ्या.

दिवसाला खास पदार्थ तीनच ठेवा. मोबाइल ऑर्डर चालत असेल तिथे दुपारची वेळ सकाळीच डिस्नेलँडच्या अ‍ॅपवर धरून ठेवा, जेवणाच्या वेळेला ती लवकर भरते. तिथे पोचल्यावर 'आलो आहोत' असं कळवायचं, मग ते करायला घेतात. पोट भरायला घरून डबा न्या. आपल्यापुरतं खाणं आत नेऊ देतात. मी दशम्या आणि तिळाची चटणी नेते. काचेची बाटली मात्र चालत नाही, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डबीत घ्या.