कापणारा नंतर, सांभाळणारा आधी

प्रिय मुली,

नाक आणि जबड्याच्या कॉस्मेटिक ऑपरेशनसाठी कोरियातल्या सोलच्या क्लिनिकांनी तुला दिलेली तिन्ही कोटेशनं वाचली. रात्री साडेबारानंतर आलेला चौथा मेसेजही वाचला : "मावशी, डोकं चालेनासं झालंय, तूच सांग कुठलं घेऊ." साडी असती तर लगेच सांगितलं असतं.

'तू आहेस तशीच छान दिसतेस' हे मी लिहिणार नाही. ते म्हणायला घरात माणसं आहेत आणि त्याचा तुला काडीचा उपयोग होत नाही, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. चेहरा तुझा, पैसे तुझ्या पगारातले. नाकाचा शेंडा बारीक हवासा वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सोलमध्ये कोण कापणार, हे तू तीन महिने शोधत होतीस. सहाव्या महिन्यात पुण्यात तुझं नाक कोण बघणार, हे तीनपैकी एकाही कागदावर नाही. आधी तो माणूस शोध. कापणारा नंतर, सांभाळणारा आधी. हे वाक्य पुढे इतक्यांदा येईल की वैतागशील. वैताग, पण वाच.

नाकाचं वेळापत्रक बघ. नाकावरचा साचा आणि बाहेरचे टाके साधारण सातव्या दिवशी निघतात. काळेनिळेपण दोन आठवड्यांत जातं. तीन महिन्यांत बरीचशी सूज उतरते. पण शेंड्याची सूज वर्षभर रेंगाळते आणि तुझ्यासारखी जाड त्वचा असेल तर दीड वर्षही. म्हणून दुरुस्तीचं ऑपरेशन वर्षाच्या आत कुणी शहाणा सर्जन करत नाही. तू परतीचं तिकीट दहाव्या दिवसाचं काढणार आहेस. म्हणजे नाकाचे पहिले दहा दिवस सोलमध्ये आणि उरलेले ३५५ पुण्यात. दहा दिवसांच्या माणसावर तू तीन महिने घातलेस, ३५५ दिवसांच्या माणसावर एक संध्याकाळसुद्धा नाही.

त्या ३५५ दिवसांत काय होतं? बहुतेकींना काहीच होत नाही, हे कबूल. पण शेंड्याच्या वरची जागा फुगलेलीच राहिली तर तिथे स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन द्यावं लागतं. जास्त पडलं तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो. एका नाकपुडीने श्वास कोंडतो. नाकाला उंची द्यायला आत सिलिकॉन बसवलं असेल तर कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी शेंडा लालसर होतो, त्वचा चकाकते. ती लाली 'उन्हामुळे असेल' म्हणून अंगावर काढली तर सिलिकॉन त्वचा फाडून बाहेर येऊ शकतं. अशा वेळी इथल्या सर्जनला आत नेमकं काय आहे हे माहीत नसेल, तर तो सुई लावायलाही धजणार नाही. दुसऱ्याने उघडलेलं नाक पुन्हा उघडणं म्हणजे चिकटलेल्या व्रणातून वाट काढणं, आणि बिघडलं तर खापर शेवटी हात लावणाऱ्यावर फुटतं. म्हणून आम्हा सर्जनांतले बरेच जण असे पेशंट गोड बोलून वाटेला लावतात. मीही लावलेत. त्याचा मला अभिमान नाही, आणि म्हणूनच हे पत्र एवढं लांबतंय.

तेव्हा निघण्याआधी पुण्यात किंवा मुंबईत एम.सीएच. (सर्जरीतली वरची पदवी) झालेला, नाकाचं काम नेहमी करणारा प्लास्टिक सर्जन गाठ. त्याला स्पष्ट विचार : 'मी बाहेर करून आले तर तुम्ही मला बघाल का?' फी देऊन विचार, फुकट नको. तो 'नाही' म्हणाला तर दुसरा गाठ. तिघे 'नाही' म्हणाले तर तेच तुझं उत्तर. एकजण 'हो' म्हणाला तर त्याला कुठले कागद लागतील ते लिहून घे. ऑपरेशनचं इंग्रजी टिपण तर हवंच : कूर्चा, म्हणजे मऊ हाड, नाकाच्या पडद्यातून घेतली, कानातून की बरगडीतून, कुठे बसवली, कुठल्या धाग्याने. काही कृत्रिम बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर. 'नंतर ईमेल करू' यावर विश्वास ठेवू नकोस. ते टिपण हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नकोस.

आणि एक गोष्ट, जी कोटेशनात कुणी लिहीत नाही. सोलच्या सर्जनांचा हात बसलाय तो बसक्या नाकाचा दांडा उंच करण्यावर. तुझा दांडा आधीच उंच आहे. तुला हवंय ते मधला उंचवटा घासणं आणि जाड, खाली झुकलेला शेंडा उचलून बारीक करणं. ते काम निराळं. त्यांना भारतीय नाकांचे फोटो माग, ऑपरेशननंतर एक वर्षाचे, समोरून, बाजूने आणि खालून. तीन आठवड्यांचे फोटो पाठवले तर समज की नाक नाही, सूज दाखवतायत.

पुण्यातल्या नाकाच्या शस्त्रक्रियेची बातमी १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती, हे सांगून मी तुला इथे थांबवणार नाहीये. अभिमानाने टाके सुकत नाहीत. सोलमध्ये फार चांगले सर्जन आहेत. प्रश्न नंतरचा आहे.

आता जबडा. इथे मात्र मी चिडणार आहे. नाकाबरोबर 'व्ही-लाइन'ही, म्हणजे हाड कापून जबडा निमुळता करणं, उरकून घ्यावं, तिकीट एकच पडतं, हा हिशेब तुझ्या डोक्यात कुणी भरवला? ऑपरेशन म्हणजे डी-मार्टची खरेदी नव्हे. आत्ता आरशासमोर उभी राहा. दात घट्ट आवळ आणि कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेव. बोटाखाली टणक गोळा उठतोय ना? तो स्नायू आहे, हाड नाही. रुंदी मुख्यतः त्याची असेल तर स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनने, प्रत्येक बाजूला साधारण २५-३० युनिटांनी, तो काही आठवड्यांत उतरतो. परिणाम चार-सहा महिने टिकतो. नाही आवडलं तर सोडून दे, स्नायू पूर्ववत होतो. कापलेलं हाड परत येत नाही.

आणि हाडच असेल तर हे समजून घे. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते आणि हनुवटीच्या बाजूला, दुसऱ्या उपदाढेच्या खालच्या छिद्रातून बाहेर येते. बाहेर येण्याआधी ती हाडाच्या आत थोडी खाली वळसा घेते, म्हणून हनुवटीचा काप त्या छिद्राच्या किमान पाच मिलिमीटर खालून घ्यावा लागतो. सीटी स्कॅनवर हे मोजता येतं. मोजलं नाही आणि नस दुखावली, तर खालचा ओठ बधिर होतो. बऱ्याच जणींचा काही महिन्यांत परत येतो, काहींचा येत नाही. बधिर ओठ म्हणजे काय, तर चहा हनुवटीवरून ओघळतो आणि ते समोरच्याला आधी दिसतं, आपल्याला नंतर. तो ओठ कितव्या महिन्यात किती परत येतोय, हे सुईच्या टोकाने तपासणारं कुणीतरी इथे लागतं. जबड्यासाठी मॅक्सिलोफेशियल सर्जन. म्हणजे सांभाळणारे आता दोन झाले. बघ, तिकीट एकच पडतं.

रक्ताचंही बोलून घेऊ, जबड्याच्या ऑपरेशनात ते द्यावं लागू शकतं. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे का? आपल्याकडे साधारण वीसात एकाचा असतो, कोरियात शंभरात एकाचाही नसतो. निगेटिव्ह असशील तर सोलमध्ये जबड्याचा विषय माझ्यापुरता संपला. पॉझिटिव्ह असलीस तरी हिमोग्लोबिन इथेच तपास, बारापेक्षा कमी असेल तर आधी लोह, मग तारीख. २०१६ मध्ये सोलला जबड्याच्या ऑपरेशनमध्ये विशीतल्या एका मुलाचा अतिरक्तस्राव झाला आणि काही आठवड्यांनी तो गेला. आईने मिळवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात सर्जन मधेच दुसऱ्या खोलीत गेलेला दिसला. त्या आईच्या लढ्यामुळेच तिथे कायदा झाला. २५ सप्टेंबर २०२३ पासून, पेशंट बेशुद्ध असलेलं ऑपरेशन पेशंटने मागितल्यास चित्रित करावं लागतं. मागितल्यास, हा शब्द बघ. लेखी माग. आणि चित्रण जपायची सक्ती किती दिवसांची? किमान तीस. तिसाव्या दिवशी तू पुण्यात असशील आणि सूज इतकी असेल की बिघडलंय की नाही हे तुला स्वतःलाही कळणार नाही. काही शंका आली तर बघायला, लिहून द्यायला आणि तीस दिवसांच्या आत चित्रण जपून ठेवा म्हणून कळवायला लावणारं कोण? पुन्हा तोच माणूस.

क्लिनिकची पाटीही वाचायला शीक. तिथे परवाना असलेला कुठलाही डॉक्टर कॉस्मेटिक काम करू शकतो. 'प्लास्टिक सर्जरी'चा कोरियन शब्द क्लिनिकच्या नावातच असेल तर मालक त्या विषयातला तज्ज्ञ. तोच शब्द 'जिल्यो-ग्वामोक', म्हणजे 'उपचाराचे विषय', याच्या पुढे आला असेल तर तज्ज्ञ असेलच असं नाही. मोबाइलच्या भाषांतरात हा फरक पुसला जातो, म्हणून पाटीचा फोटो काढून कोरियन येणाऱ्याला दाखव. भूलतज्ज्ञाचं नाव विचार आणि तो पूर्ण वेळ तुझ्याच खोलीत असणार का, तेही. तुझी ती गोड बोलणारी को-ऑर्डिनेटर यावर काय म्हणते बघ. तिच्याबद्दल राग नाही, पण परदेशी पेशंट आणणाऱ्याला क्लिनिकने द्यायच्या कमिशनला सरकारने तीस टक्क्यांची कमाल मर्यादा घालून दिलीय. मर्यादाच एवढी, तर सल्ल्याचं वजन किती ते तूच ठरव.

पैसे. दुसऱ्या कोटेशनचे १ कोटी ५५ लाख वॉन, रुपयाला सोळा वॉन धरले तर पावणेदहा लाखांच्या आत. त्यात भूल, सीटी, दुभाष्या आणि औषधं आहेत का ते लिहून माग. दोघींची तिकिटं सव्वा लाख धर. दोघींची, कारण भूल दिल्यावर पहिली रात्र एकटीने काढायची नाही, आणि तोंडात टाके असताना पेज आणून देणारं कुणी लागतं. (तिकडच्या तांदळाच्या पेजेला 'जूक' म्हणतात, ती कुठेही मिळते.) पंधरा रात्रींचं हॉटेल लाखभर. नाकानंतर सात ते दहा दिवस विमान नको, जबडा असेल तर दोन आठवडे. एक विमान बदलून बारा-पंधरा तास बसायचं, पायात गुठळी होण्याची भीती खरी असते. हे झाले बारा लाख. वर तीन लाख वेगळे बाजूला ठेव, ज्यांना हात लावायचा नाही, दुरुस्तीसाठी. 'वर्षभरात दुरुस्ती मोफत' हे वाक्य तिन्ही कोटेशनांत आहे. दुरुस्ती वर्षाआधी करतच नाहीत, हे तुला वर सांगितलंय. आणि मोफत काय, तर सर्जनची फी. भूल, विमान, हॉटेल, रजा तुझी. तिसरं कोटेशन स्वस्त का, तर चौथ्या पानावर तुझे आधीचे-नंतरचे फोटो जाहिरातीला वापरायची संमती आहे. वाचलं नव्हतंस ना?

विम्यावर भिस्त ठेवू नकोस. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत 'एक्सक्ल ०८' (Excl08) हे वगळणुकीचं कलम शोध, कॉस्मेटिक सर्जरी तिथे वगळलेली असते. प्रवास विमाही ठरवून केलेल्या उपचाराला पैसे देत नाही. भांडण झालं तर कोरियात वैद्यकीय तंट्यांसाठी सरकारी मध्यस्थ संस्था आहे, २०१२ पासून, परदेशी पेशंटही तिथे जाऊ शकतात. इथल्या ग्राहक आयोगाचा हात सोलपर्यंत पोचत नाही.

तुला वाटेल, मावशी आपल्या जमातीचा धंदा राखतेय. मी आता नवी ऑपरेशनं घेत नाही. तू कुठेही केलंस तरी माझ्या खिशात काही पडत नाही. हो, पेशंटला वर्षभर हेलपाटे घालायला लावणारी किचकट बाई म्हणून माझं नाव होतं. काही जणी कंटाळून दुसरीकडे गेल्या. जाऊ देत. माझं चुकलं असेल तर एवढंच की हे मी आणखी मोठ्याने बोलायला हवं होतं.

आता कामाचं. या शनिवारपर्यंत मला तीन गोष्टी पाठव : रक्तगट, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, आणि इथे 'हो, मी बघेन' म्हणालेल्या सर्जनचं नाव. तिसरी गोष्ट मिळत नाही तोवर सी-३-३, म्हणजे उपचारासाठीच्या कोरियन व्हिसाचा अर्ज भरू नकोस आणि दहा टक्क्यांवर आगाऊ एक रुपया देऊ नकोस.

तुझी,
मावशी

ता.क. गेलीसच, तर बॅगेत पुढे बटणं असलेले शर्टच घे. साचा असताना टी-शर्ट डोक्यावरून काढता येत नाही, आणि ही गोष्ट सगळ्यांना पहिल्या आंघोळीच्या वेळी आठवते. चष्मा पाच-सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने टांगायचा. लेन्सची जादा जोडी बरोबर ठेव.