शून्य म्हणजे रिकामे नव्हे

व्हेंटिलेटरवरील रुग्णांपैकी ज्यांना सर्वांत खोल गुंगी दिली होती, त्यांच्यातच डिलिरियम (आजारपणात अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ) सर्वांत कमी कसा, असा धुळ्याच्या आपल्या सदस्याचा प्रश्न आहे. तो वाचून माझ्या प्रबंधाचे दिवस आठवले, कारण जळगाव जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून हाच निष्कर्ष मी मोठ्या उत्साहाने मार्गदर्शकांपुढे ठेवला होता.

रास, म्हणजे रुग्णाची गुंगी व अस्वस्थता मोजण्याची पट्टी, उणे ५ (सर्वांत खोल गुंगी) ते अधिक ४ असते, हे आपणास ठाऊक असेलच. उणे ४ किंवा उणे ५ असलेला रुग्ण हाकेला प्रतिसादच देत नाही, त्यामुळे त्याची कॅम-आयसीयू, म्हणजे अतिदक्षता विभागात डिलिरियम ओळखण्याची, तपासणी होऊ शकत नाही आणि नोंद ‘तपासणी अशक्य’ अशीच हवी. तेथील नोंदणी कक्षाने मात्र संगणकात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच पर्याय ठेवून उरलेले सारे ‘नाही’त ढकलले होते. त्यावर कडी माझी : रासचे कोरे खाने मी शून्याने भरले. त्या पट्टीवर शून्य म्हणजे ‘जागा व शांत’. म्हणजे ज्याला कोणी तपासलेच नव्हते तो रुग्ण माझ्या तक्त्यात जागा होऊन बसला आणि कॅम-आयसीयूतील शुद्धीच्या पातळीचा निकषही आपोआप नकारार्थी झाला. मूळ नर्सिंग चार्ट मिळवण्यासाठी मी चार महिने खेटे घातले. दर वेळी टेबल बदलत असे, उत्तर मात्र ‘साहेब रजेवर आहेत’ हेच.

मी संख्याशास्त्रज्ञ नाही, तेव्हा जाणकारांचा सल्ला अवश्य घ्यावा. तरीही माझे ठाम मत असे की, प्रत्येक रुग्णदिवस कोमा, डिलिरियम किंवा दोन्ही नाही असा नोंदवावा आणि न तपासलेला दिवस वेगळाच ठेवावा. लक्षणांतील चढउतार हा निदानाचाच भाग असल्याने दिवसातील एकाच नोंदीवर विसंबू नये. गप्प पडून राहणाऱ्या रुग्णाचा डिलिरियम तर हमखास निसटतो, कारण तो कोणालाच त्रास देत नाही.

जाता जाता आपल्या भागापुरते सांगतो : दगड पाण्यावर तरंगतो का, हा कॅम-आयसीयूतील प्रश्न अहिराणी बोलणाऱ्या आजींना पुस्तकी मराठीत विचारून चुकलेले उत्तर ‘विस्कळीत विचार’ या निकषाच्या खाती टाकू नये. चष्मा आणि कानाचे यंत्र आधी लावून द्यावे.

तूर्तास उणे ४ आणि उणे ५ च्या ओळी वेगळ्या काढून त्यांपुढे ‘नाही’ किती वेळा लिहिले आहे ते मोजा आणि आकडा येथे कळवा.